आव्यापाशी येताना गिऱ्हाईक होऊन या

लोणच्याच्या बरणीला आपण अजूनही चिनी मातीची बरणी म्हणतो. ती गुजरातेत भाजलेली असो की उत्तर प्रदेशात, तिच्या मातीला आपण चीनचंच नाव देऊन टाकलं आहे. त्या मातीचं माहेर शोधत निघालेला प्रवासी जिआंग्शी प्रांतातल्या जिंगडेझेन या गावी पोचतो. सन १००४ मध्ये सोंग घराण्याच्या बादशहानं तिथल्या भांड्यांवर खूश होऊन आपल्या 'जिंगडे' या कालखंडाचं नाव त्या गावाला दिलं, असं सांगतात. जवळच्या गाओलिंग टेकडीतल्या पांढऱ्या मातीवरून 'केओलिन' हा शब्द जगभर गेला. आज तिथे लोक चाकं बघायला, जुन्या भट्ट्या बघायला, एखादा पेला विकत घ्यायला देशोदेशींहून येतात. आता नजर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळवावी. संगमनेरच्या पूर्वेला प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. मातीच्या भांड्यांमुळे एका अख्ख्या प्राचीन संस्कृतीला ज्याचं नाव मिळालं असं हे गाव. पुरातत्त्व शिकणारा मुलगा कोलकात्यात असो की केंब्रिजमध्ये, त्याला 'जोर्वे' हा शब्द पाठ करावाच लागतो. पण केवळ त्या भांड्यांच्या ओढीनं वाट वाकडी करून जोर्व्याला जाणारा प्रवासी विरळाच. तो जावा, प्रवरेच्या खोऱ्यात मातीच्या भांड्यांसाठी लोकांनी मुद्दाम यावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र एक अट त्याला जोडावीशी वाटते. येणाऱ्यानं गिऱ्हाईक म्हणून यावं. नुसत्या बघ्यांच्या गर्दीनं कुंभाराचं चाक चालत नाही, आणि या खोऱ्याचा साडेतीन हजार वर्षांचा पुरावा नेमकं हेच सांगतो.

तो पुरावा आधी नीट पाहू. जोर्व्याचं उत्खनन १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी केलं. तिथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली, पण गावाचं नाव झालं ते खापरांमुळे. चाकावर घडवलेली, बारीक चाळलेल्या मातीची, चांगली भाजलेली, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात रेघांची, चौकटींची, जाळीची नक्षी काढलेली अशी ही भांडी. टिचकी मारली तर धातूसारखा आवाज देणारी. कडेला धारदार वळण असलेले वाडगे, उंच मानेचे गोलसर घडे आणि बाजूला लांब तोटी काढलेली पात्रं ही त्यांची ओळख. पुढे नेवाशाला १९५४ पासून सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम केलं, तेव्हा तशीच भांडी तिथे निघाली. त्यांच्या वरच्या थरांत सातवाहन काळातले अवशेष होते आणि रोमहून मद्य घेऊन आलेल्या कुंभांचे तुकडेही होते. म्हणजे ज्या नेवाशाला आपण ज्ञानेश्वरीचं गाव म्हणून हात जोडतो, तिथल्या जमिनीत परदेशी मडकीही पुरलेली आहेत. आणि श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या काठावरचं दायमाबाद. हे उजाड गाव बी. पी. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये हेरलं आणि पुढे तिथे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या काळात उत्खनन केलं. दायमाबाद लोकांना माहीत आहे ते १९७४ मध्ये सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस या ब्राँझच्या चार वजनदार मूर्तींमुळे. पण अभ्यासकाला तिथे त्याहून मोठा ठेवा वाटतो तो खापरांच्या थरांचा: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच पिढ्यांची भांडी, साधारण इसवी सनापूर्वी २२०० पासून १००० पर्यंत, एकाच टेकाडात एकावर एक. मूर्ती केव्हाच जिल्हा सोडून संग्रहालयांत गेल्या. नदीकाठच्या टेकाडांत उरली ती माती.

ही भांडी नुसती सुंदर नाहीत. ती कशी आणि कोणासाठी बनत होती हेही ती सांगतात. जोर्वे संस्कृतीच्या दोनशेहून अधिक वसाहती आज माहीत आहेत. तापीपासून भीमेपर्यंत पसरलेल्या या वसाहतींत भांड्यांचे आकार आणि नक्षी इतकी सारखी आहे की प्रत्येक घरानं आपापलं मडकं घडवलं असेल असं मानताच येत नाही. हे काम चाकावर हात बसलेल्या कारागिराचं होतं. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ पासून बारा हंगाम खोदकाम केलं. त्यात कुंभाराची गोल भट्टी मिळाली आणि कारागिरांची घरं वस्तीत कुठे होती याचाही अंदाज आला. शेतकऱ्याचं गाव, त्यात कुंभाराचं घर, त्याच्या भट्टीतून निघालेला माल घरोघर, ही रचना आपल्याला अनोळखी नाही. या भांड्यांत धान्य राहिलं, पाणी राहिलं, आणि लहान मूल दगावलं तर दोन घडे तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरलं जाई. जगण्यामरण्यात इतकी गुंतलेली वस्तू होती ती. मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं आणि शेती ढासळली, असं म. के. ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडलं. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या बहुतेक वसाहती ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात माणसं तगून राहिली, पण तिथेही ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि भांडी जाडीभरडी झाली. हात तेच असतील, नदीही तीच. मात्र ज्याच्या घरात धान्य नाही तो नक्षीदार घडा कशाला घेईल? कला आधी संपते आणि मग मागणी आटते असं आपण समजतो. इनामगावच्या थरांत क्रम उलटा दिसतो.

आता मातीकडे येऊ. जिंगडेझेनची माती आणि अहिल्यानगरची माती यांत फरक आहे तो खडकाचा. ग्रॅनाइटसारखा खडक लाखो वर्षं कुजला की पांढरी केओलिन तयार होते. ती तापून वितळणाऱ्या दगडाच्या भुकटीत मिसळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजली की काचेसारखी घट्ट आणि पाणी न झिरपणारी होते. आपला जिल्हा उभा आहे काळ्या पाषाणावर, दख्खनच्या लाव्हावर. तो कुजून होते ती लोहानं भरलेली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसत्या काळ्या मातीचं मडकं घडवलं तर ते वाळतानाच तडकेल. म्हणून कुंभार नदीचा किंवा तळ्याचा गाळ शोधतो, माती चाळतो, तीत राख, बारीक वाळू, घोड्या-गाढवाची लीद मिसळतो, भिजत घालतो, पायानं तुडवतो, हातानं मळतो. लीद आणि भुसा भट्टीत जळून जातात आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रं ठेवतात. ही भांडी हजार अंशांच्या आत भाजली जातात, त्यामुळे ती छिद्रं बुजत नाहीत. मातीतल्या लोहाला भट्टीत हवा मिळाली तर भांडं लाल होतं, धूर कोंडला तर काळं. चिनी मातीच्या कपाशेजारी आपला माठ ठेवला तर तो ओबडधोबड वाटेल, गळका वाटेल. पण त्याचं गळकेपण हाच त्याचा गुण. छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर वाफ होतं आणि वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. ज्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वारा कोरडा आणि ऊन चाळिशीच्या पुढे, तिथे हे यंत्र सगळ्यात चांगलं चालतं. दमट कोकणात तितकं नाही. जिंगडेझेनचा सगळ्यात महागडा घडा पाणी गार करू शकत नाही. दोन मातींची तुलना करायला बसणाऱ्या प्रवाशानं हे आधी समजून घ्यावं, म्हणजे आपल्याकडच्या भांड्यात तो चिनी नक्षी शोधणार नाही.

पाहण्यासारखं काय, असा प्रश्न येतोच. चाक फिरतं आणि मातीचा गोळा फुलासारखा उमलतो, एवढं सगळ्यांनी चित्रपटात पाहिलेलं असतं. माठाचं खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं, आणि ते सहसा कोणी थांबून पाहत नाही. चाकावरून दोऱ्यानं कापून उतरवलेला माठ जाड भिंतीचा आणि बुडाला उघडा असतो. तो थोडा सुकला की कुंभार एका हातानं आतून गोल दगड धरतो, दुसऱ्या हातातल्या लाकडी थापटीनं बाहेरून थापत जातो. थाप, वळव, थाप, वळव. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं, बूड हळूहळू मिटतं. घाई केली तर चीर जाते, उशीर केला तर माती वळत नाही. अनेक घरांत हे थापण्याचं, घासण्याचं, गेरू लावण्याचं काम बायका करतात आणि कुंभार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो मात्र चाकावरचा पुरुष. मग सावलीत वाळवण, मग आवा. जमिनीवर गोवऱ्या, भुसा, लाकूड यांचा थर, त्यावर भांड्यांची रचना, फटींत पुन्हा जळण, वरून खापरं, पाचट, राख आणि ओल्या मातीचा लेप. आवा पेटला की रात्रभर आतल्या आत धुमसतो. आत किती ताप आहे हे सांगणारं साधन नसतं; धुराचा रंग, फटीतून दिसणारी लाली आणि अनुभव एवढ्यावर सगळं चालतं. एका चुकीच्या झुळुकीनं किंवा अवेळी पावसानं महिनाभराचं काम फुटतं. दुसऱ्या दिवशी आवा उघडताना त्या घरात जी शांतता असते, तिच्यासाठी प्रवाशानं यावं. मात्र आधी विचारून यावं. आवा पाहुण्याच्या सोयीनं लागत नसतो.

या कामाला दिवस असतात आणि ते पंचांगाला बांधलेले असतात. पौषात संक्रांतीची सुगडं, त्यांत ऊस, बोरं, हरभरा, गाजर, तिळगूळ. फाल्गुनापासून माठ आणि रांजण. अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याचा घडा. पोळ्याला मातीचे बैल. नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. लग्नात बोहल्याभोवती उतरंडी. आणि माणूस गेला की अंत्यसंस्काराला खांद्यावरून नेऊन फोडलेलं मडकं. बलुत्यातल्या कुंभाराला याबद्दल खळ्यावर धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त ही व्यवस्था तिच्या सोयींसह आणि दोषांसह आलेली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात येणाऱ्या भाविकाला आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. साईसच्चरितात असा प्रसंग आहे की शिर्डीत साईबाबा झाडांना पाणी घालत ते कच्च्या, न भाजलेल्या मडक्यांनी. वामन तात्या नावाचे गृहस्थ रोज तशी दोन मडकी देत, संध्याकाळी ती निंबाखाली ठेवली की फुटून जात आणि दुसऱ्या दिवशी नवी येत. बाबा राहत त्या द्वारकामाई मशिदीत भिक्षेचं अन्न ठेवायला कोळंबा होता, तोही मातीचाच. शिर्डीला रोज हजारो माणसं येतात, दर्शन घेतात, फोटो, माळा आणि साच्यातल्या मूर्ती घेऊन परततात. तिथल्या दुकानांत बाबांच्या हातातलं मडकंही दिसलं पाहिजे. ते मिळालं तर भाविकाच्या घरी एक खरी वस्तू जाईल, आणि कुंभाराच्या घरी बारमाही मागणी येईल.

या मागणीची गरज किती आहे हे कोणत्याही गावातल्या लग्नमांडवात कळतं. रांजण गेले, निळे जार आले. घरात फ्रिज आहे, अंगणात प्लास्टिकची टाकी आहे. सुगडं आणि घट टिकले ते धर्मानं त्यांना जागा दिली म्हणून, पण सणांचे चार दिवस धरून कुटुंब बारा महिने कसं जगणार? चाक सोडून वीटभट्टीकडे वळलेल्या घरांना त्यामुळे दोष देता येत नाही. मागणी गेल्यावर कारागीर काय करतो याचा हा आजचा थर. इनामगावचा तो जुना थर होता.

इथे पहिला आक्षेप येतो. लोक म्हणतील, दोनचार घरांत चाक फिरतंय, टेकाडावर खापरांचे तुकडे पडलेत, एवढ्यासाठी कोण गाव गाठणार? या जिल्ह्याला हा प्रश्न शोभत नाही. हिवरे बाजारला काय आहे? समुद्र नाही, किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही. तरी माती अडवण्याचं, पाणी जिरवण्याचं काम कसं झालं ते पाहायला वर्षानुवर्षं देशभरातून लोक येतात. पोपटराव पवारांना त्या कामासाठी पद्मश्री मिळाली. राळेगणसिद्धीलाही लोक असेच येतात. लोक मेहनत पाहायला येतात, तिच्यामागचं कारण समजून घ्यायला येतात, हे या जिल्ह्यानं आधीच सिद्ध केलं आहे. फक्त सांगणारा हवा. जोर्व्याच्या टेकाडापाशी उभं राहून, या तोटीतून काय ओतत असतील, ही रेघ कशानं ओढली असेल, असं विचारणारा जाणता वाटाड्या हवा. तो गावातलाच तरुण असेल तर सोन्याहून पिवळं. आणि एक खोली हवी, जिथे जोर्वे भांड्यांच्या निदान चांगल्या प्रतिकृती हाताळायला मिळतील. हाताळायला हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. काचेपलीकडचं मडकं म्हणजे मडक्याचं चित्र. त्याचं वजन आणि त्याचा आवाज कळल्याशिवाय ते कळत नाही. प्रतिकृती आजच्या कुंभारांनीच घडवाव्यात. त्यांना त्यातून काम मिळेल आणि अभ्यासकांना एक उत्तरही: त्या पातळ, कणखर भिंती कशा साधल्या असतील याचं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पर्यटक आला की गाव बिघडतं. भंडारदऱ्याला पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला गर्दी लोटते, गाड्यांचे दिवे आणि गोंगाट यांनी ज्या अंधारासाठी लोक आले तोच नाहीसा होतो आणि वनखात्याला निर्बंध घालावे लागतात. कुंभाराच्या अंगणात असंच झालं तर? माठ बाजूला राहील आणि रंगवलेली शोभेची खेळणी तेवढी उरतील. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच गिऱ्हाईक आणि बघ्या यांत मी फरक करतो आहे. जिंगडेझेनचा इतिहास इथे उपयोगी पडतो. फ्रेंच पाद्री दाँत्रकोल यानं १७१२ आणि १७२२ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रांत म्हटलं आहे की एक पेला तयार होईपर्यंत सत्तर हातांतून जातो. ते गाव जगाला भांडी पुरवणारा कारखाना होता. पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नव्हता. विसाव्या शतकाच्या शेवटी तिथले मोठे सरकारी कारखाने बंद पडले, हजारो हात रिकामे झाले. पुढे तिथे बाहेरून तरुण कलाकार येऊन राहू लागले, जुन्या कारखान्याच्या आवारात दुकानं आणि कार्यशाळा निघाल्या, राजभट्ट्यांच्या अवशेषांशेजारी संग्रहालय उभं राहिलं, २०१४ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत नाव आलं. पर्यटन तिथे आलं ते आधीपासून चालत्या चाकांवर. माती तयार करणारा, चाकवाला, रंगवणारा, भट्टीवाला अशी साखळी जिवंत होती म्हणून नव्या माणसाला तिथे काम करता आलं. ती साखळी जिथे तुटली आहे तिथे नुसतं प्रवेशद्वार आणि सेल्फीची जागा बांधून काही होणार नाही. शोभेच्या वस्तूंची भीती घालवायची तर शोभेखेरीज दुसरं काही विकलं पाहिजे. महामार्गावरचे चहावाले मातीच्या पेल्यात चहा देतात, हॉटेलं हंडीत भाजी वाढतात. संगमनेर, राहुरी, राहाता हा दुधाचा पट्टा. इथलं दही मातीच्या वाडग्यात विकलं तर वाडग्याच्या छिद्रांतून पाणी जाऊन ते आपोआप घट्ट होतं. शिर्डीच्या हजारो भाविकांना पाणी माठातलं मिळू शकतं. ही रोजची मागणी उभी राहिली की पर्यटक आला काय, नाही आला काय, आवा पेटणारच. आणि तेव्हाच तो पाहण्यासारखाही राहील.

अभ्यासक तिसरा मुद्दा काढतील, आणि त्यांचा तो अधिकार आहे. जोर्व्याचे कुंभार आणि आजचे कुंभार यांचं नातं काय? वसाहती ओस पडल्या, शतकं गेली, माणसं आली-गेली. आजच्या कुंभाराला तू साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा वंशज आहेस असं सांगणं म्हणजे पुराव्यापलीकडे जाणं होईल. ते मला मान्य आहे, आणि फलकांवर असली वाक्यं लिहिली जाऊ नयेत असंही वाटतं. पण नातं रक्ताचंच लागतं असं कुठे आहे? नदी तीच आहे, खडक तोच आहे, मातीची खोडही तीच. ती फुगते, तडकते, लोहानं लाल होते. त्या अडचणींवर तेव्हाच्या माणसानं शोधलेली उत्तरं आणि आजचा माणूस शोधतो ती उत्तरं शेजारी ठेवून पाहणं, यात खोटं काही नाही. प्रश्न तोच असल्यावर दोन उत्तरांची तुलना वंशावळीपेक्षा कितीतरी जास्त शिकवते.

आणि चौथा मुद्दा, जो मला सगळ्यांत जास्त टोचतो. हे जातीनं बांधलेलं काम आहे. बलुत्याच्या व्यवस्थेत कुंभाराला मान होता आणि अडवणूकही होती. खळ्यावरचं धान्य पाटलाच्या मर्जीनं मापलं जाई. मग त्याच्या मुलानं शहरात नोकरी धरली तर शहरी पाहुण्यानं हळहळायचं का? मुळीच नाही. चाक सोडण्याचं स्वातंत्र्य त्याला हवंच. पण राहण्याचंही स्वातंत्र्य असलं पाहिजे, आणि ते तेव्हाच खरं जेव्हा चाकावर बसून दुसऱ्या कुठल्याही कुशल कामाइतके पैसे मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं मिळू शकतं. विजेवरचं चाक आलं तर पाठीचा आणि खांद्याचा त्रास वाचतो. 'परंपरा' मोडली म्हणून पाहुण्यानं नाक मुरडू नये. पण कर्जानं चाक मिळतं, गिऱ्हाईक मिळत नाही. गिऱ्हाईक आपण आहोत, आणि घासाघीस करणारेही आपणच. ज्या माठाला माती आणण्यापासून आवा उघडण्यापर्यंत पंधरा-वीस दिवस लागले, त्याचे वीस रुपये कमी करून घेतल्याचा आनंद आपल्याला होतो. तोच माणूस मॉलमध्ये छापील किमतीला मान तुकवतो. कुंभारगावाला जायचं तर घासाघीस घरी ठेवून जावं. काम पाहिल्याचे पैसे वेगळे द्यावेत, फोटोसाठी माणसाला पोज घ्यायला लावू नये आणि मुलाला चाकावर बसवायचं तर तासाचे दाम मोजावेत. चाक थांबलं की त्या घराची कमाई थांबते.

माती आणि धूर यांचा प्रश्न उरतो. आव्याचा धूर वस्तीत शिरतो हे खरं, आणि सुधारलेल्या भट्ट्या वस्तीच्या कडेला, सामायिक जागेवर बांधणं हाच त्यावरचा उपाय. इनामगावचीही कारागिरांची घरं वस्तीच्या कडेला होती असं दिसतं. मातीचं मात्र सोपं उत्तर जिल्ह्याच्या हातात आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत २०१७ पासून तलावांतला गाळ काढून शेतात टाकला जातो. शेतकऱ्याला तो हवाच, पण त्यातल्या चिकण, बारीक गाळाचे चार ट्रॅक्टर गावच्या कुंभारालाही मिळावेत, ग्रामपंचायतीनं त्याची नोंद ठेवावी. एका कुटुंबाला वर्षभर माठ घडवायला एका शेताला लागतो त्याच्या तुलनेत अगदी थोडा गाळ पुरतो. नदीचा काठ खरवडण्याची वेळ त्यामुळे येणार नाही.

ज्याला यायचंय त्यानं माघ-फाल्गुनात यावं. तेव्हा ऊन वाळवणापुरतं तापलेलं असतं, पाऊस नसतो आणि माठांचं काम भरात असतं. शिर्डीहून संगमनेर, तिथून प्रवरेच्या काठाकाठानं जोर्वे, पुढे श्रीरामपूरच्या बाजूनं दायमाबादचं टेकाड, मग नेवासा आणि शेवटी प्रवरासंगम, जिथे ही नदी गोदावरीला मिळते. टेकाडावरचं खापर उचलून खिशात घालू नये. पाहावं, अंगठ्यानं पुसावं, होतं तिथे ठेवावं. थराबाहेर गेलेलं खापर मुकं होतं, आणि संरक्षित जागेवरून ते नेणं हा गुन्हाही आहे. घरी न्यायचं ते आठवडे बाजारात मिळेल. तिथे कुंभारणीच्या पुढ्यातला माठ उचलून आधी उन्हाकडे धरावा, आत उजेडाची रेघ दिसते का पाहावं. मग पेरानं वाजवावा. बद्द आवाज आला तर चीर आहे किंवा भाजणी कच्ची आहे. घरी नेल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, पहिलं पाणी झाडांना घालावं, आणि बाहेरून कधीही साबणानं घासू नये, छिद्रं बुजतात. पहिले दोनतीन दिवस पाण्याला मातीचा वास येतो आणि माठाखालच्या ताटलीत पाणी साचतं. ताटली पुसून पुन्हा ठेवायची. चौथ्या दिवशी पाणी गार लागतं.